नंबर धरणाऱ्या आया

माझं सगळं करिअर रांगेत गेलं, असं माझा नवरा म्हणतो. खोटं नाही ते. मी ऑपरेशन्स रिसर्च शिकवते. माणसं कुठे खोळंबतात आणि लवकर कशी सुटतील, याचं गणित. आत्याला अजूनही वाटतं की मी ऑपरेशनं करते. परवा तिने मला गुडघा दाखवला.

पीएचडी रांगांवर केली, नोकरी त्यावरच लागली. आता प्रोफेसरपद अडलं होतं तेही बाळांच्या लसीकरणाच्या रांगेवरच्या पेपरापाशी. पेपर स्वीकारला गेला होता, माझा शेवटचा होकार तेवढा कळवायचा होता. पण मनाला काहीतरी डाचत होतं. माझं गणित सांगायचं, दुपारपर्यंत लसीकरणाचं दालन रिकामं व्हायला हवं, कारण कितीतरी आया ताटकळून निघून जातात. दालन काही रिकामं होत नव्हतं.

"मोजणाऱ्या विद्यार्थ्यांनी डुलक्या काढल्या असतील," सर म्हणाले. पूर्वी माझे गाइड, आता विभागप्रमुख. "कळवून टाक अगं. सोमवारी निवड समिती बसतेय."

त्याच आठवड्यात तिथेच माझ्या लेकीची लस होती. दुपारी ते दालन पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसत होतं. हिरवट काचांतून उजेड झिरपत होता, पंखे आळसावले होते, आणि माझ्या झोपाळू डोळ्यांना बाकांवरच्या बायका किंचित तरंगताना दिसत होत्या. लेकीने सूर लावला, तशी मी तिला घेऊन व्हरांड्यात आले.

माझ्या गणितात मी तिथेच संपले. दाराबाहेर पडलेली आई म्हणजे निघून गेलेली आई, अशीच आम्ही नोंद करायचो.

आणि व्हरांड्यात तर आयाच आया! कुणी पाजत होती, कुणी खांद्यावर थोपटत होती, कुणी उभ्या उभ्या झुलत होती, जणू त्या सगळ्यांना एकच वारा हलवत होता.

"तुम्ही कुणाच्या मागे?" हातावर काळा कोट टाकलेल्या एका वकीलबाईने विचारलं. दुसऱ्या हातावर तिचं बाळ होतं.

"त्या चष्मेवालीच्या."

"नंबर धर म्हणून सांगून आलात ना तिला?"

"नाही."

"अगं बाई! पहिलटकरीण दिसताय." तिने खिडकीतून आत हाक दिली, "ओ चष्मेवाल्या ताई, यांचा नंबर धरा हो!"

आतून एक हात वर झाला. तेवढ्यात आतून दुसरी कुणी ओरडली, "निळ्या साडीवाल्या ताई, नंबर आला तुमचा!" आणि व्हरांड्यातली एक आई बाळाला घेऊन आत धावली.

मी पाहतच राहिले. वर्षानुवर्षं मी ज्यांना पेनाच्या एका फटक्याने घरी पाठवलं होतं, त्या सगळ्या इथे होत्या. लेक माझ्या कुशीत पिता पिता मऊ पडली. मी सरांना फोन लावला.

"सर, आया जात नाहीत. बाहेर असतात. त्यांचा नंबर धरलेला असतो."

"कुणी धरलेला?"

"एकमेकींनी."

"म्हणजे सगळं मुळापासून मांडायचं?"

"हो. पेपर मागे घेतेय मी."

"आणि सोमवार?"

"जाऊ दे."

"वेडी आहेस," सर म्हणाले, पण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.

वकीलबाईचे कान इकडेच होते. "नोकरी गेली?"

"बढती लांबली."

"किती?"

"काय माहीत!"

तिने सरकून मला जागा करून दिली. लेकीचा श्वास माझ्या गळ्याशी ऊन ऊन लागत होता. मी हलक्या आवाजात विचारलं, "एकीला किती जणींचे नंबर धरता येतात हो?"

तिने गंभीरपणे विचार केला.

"ते तिच्या आवाजावर असतं," ती म्हणाली.