थांबायचं कुणी

आमच्या बँडला गाणं सुरू करता येतं, थांबवता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. थांबवायचं काम नानाचं होतं. नाना म्हणजे आमचा बेस गिटारवाला. शब्द त्याचे, चालीही त्याच्याच. कॉलेजात असल्यापासून म्हाताऱ्यासारखा रमतगमत चालायचा, म्हणून नाना. गाणं पुरे झालं असं त्याला वाटलं की तो गिटारची मान छताकडे उचलायचा आणि आम्ही तिघं झटक्यात थांबायचो. कधी उचलेल याचा नेम नसायचा. लोकांना वाटायचं, काय तालीम आहे यांची! कसली तालीम? आम्ही नुसते त्याच्याकडे टक लावून असायचो.

मी ड्रम वाजवतो, एरवी चष्मे विकतो. गायक दातांचा डॉक्टर आहे. गिटारवाला लोकांना गाडी शिकवतो. त्याला तरी ब्रेक माहीत असायला हवा होता.

नाना गेला तो सोफ्यावर बसल्या बसल्या, पायातले बूटही न काढता. शोकसभेचं विचारायला गेलो तर वहिनींनी हातच जोडले.

"भाषणं नकोत, भाऊजी. तुम्ही वाजवा. आणि त्याचं शेवटचं गाणं पुरं वाजवा. शेवटचं कडवं मला ऐकवलंच नाही त्याने. विचारलं की म्हणायचा, स्टेजवरच ऐक."

बाईने मागून मागितलं काय, तर एक कडवं. आणि तेवढ्यानेच आमच्या नाकी नऊ आले. बेसला नानाची पुतणी उभी राहिली. त्याच्याच हाताखाली शिकलेली, हात अगदी तसाच. पण तालमीत गाणं संपायचं नावच घेईना. मी डाव्या बाजूला बघत बसायचो, तिथे कुणी काही उचलायचं नाही, आणि आम्ही वाजवतच राहायचो. शेवटी शेजारचा बेकरीवाला शटर बडवायचा, तेव्हा थांबायचो.

"तू उचल ना मान," मी पुतणीला म्हटलं.

"मी नाही. ते नानाकाकाचं आहे."

"मग आम्ही काय मरेपर्यंत वाजवायचं?" मी चिडून बोललो आणि जीभ चावली. शेवटी ठरलं, कडवं संपलं की मी ड्रमवर चार दणके द्यायचे, विषय संपला.

कार्यक्रमाला हॉल भरला. वहिनी पहिल्या रांगेत, कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या. शेवटचं गाणं झकास चाललं होतं. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी आलो आणि पुतणीच्या खांद्यावरचा पट्टा घसरला. पोरीने सावरायला गिटार झटकन वर उचलली.

झालं! आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. आज्ञाधारक मेले! डॉक्टर तर आ वासून उभा, त्याच्या पेशंटसारखा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात वहिनी हसल्या. नाना गेल्यापासून पहिल्यांदाच, पोट धरून हसल्या.

"अहो, तो नाहीये आता! वाजवा की पुढचं!"

आम्ही पुन्हा धरलं. डॉक्टर गायला:

*दार लोटून घे, तू झोप खुशाल,*
*किल्ली माझ्याकडे आहे.*

तालमीत आम्हाला ही ओळ भरतीची वाटली होती. वहिनींचं हसू मात्र तिथेच विरलं आणि त्या रडायला लागल्या, पदर-रुमाल काही न शोधता, मोकळ्या गळ्याने. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्यक्रम संपवून नाना नेहमी उशिरा घरी जायचा, आणि वहिनी जाग्या असायच्या.

कडवं संपलं. चार दणके द्यायला मी काठ्या उचलल्या आणि या वेळी डावीकडे न बघता वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

मग काय, वाजवत राहिलो. मागचे लोक हळूहळू उठून गेले, हॉलचा माणूस दारात ताटकळत राहिला, डॉक्टर तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहिला. माझे खांदे भरून आले, पण त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती.

शेवटी वहिनींनी डोळे पुसले, आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हात वर केला.

आम्ही थांबलो.