तिसऱ्या नॉबवरची रेघ

आवाज मिसळायच्या त्या जुन्या मिक्सरच्या आठव्या पट्टीवर नऊ नॉब होते. त्यांतल्या आठांवरची पांढरी रेघ शाबूत होती. तिसऱ्यावरची पार पुसली गेली होती, इतकी की नॉब कुठे वळला आहे हे फक्त एकाच माणसाला सांगता आलं असतं.

तो माणूस म्हणजे लामुनू. मुलींच्या शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि शनिवार दुपार कोमाकेचच्या दुकानात घालवायची. गुलू शहरातल्या बाजारामागचं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आठवडाभर तिथे लोकांचे मुके रेडिओ यायचे, पण शनिवारी दुपारी गिऱ्हाइकाला दार बंद. मागची खोली अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या भिंतींना ठोकून स्टुडिओ केलेली. तिथेच कोमाकेच आपल्या म्हाताऱ्या संगणकावर लग्नात नाचायची गाणी बनवायचा, आणि त्याच्या ठेक्यावर अर्धा जिल्हा धूळ उडवायचा.

"मास्तरीणबाई," तो सोल्डरिंगचं टोक पुसत म्हणाला, "आज तरी तुमचं गाणं संपणार, की आम्ही पेन्शनीत निघायचं?"

"मी निघालोच आहे," ओपिरो म्हणाला. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून तो स्पीकरच्या पेट्या बनवत होता. "आता पुढची पायरी तेवढी राहिली."

"तू कसला जातोस! तुझ्या त्या आंब्याच्या लाकडाच्या पेटीआधी तुला वाळवीसुद्धा नेणार नाही. तिच्यातून आवाज कमी आणि भुसा जास्त येतो."

"भुसा येतो तो तुझ्या गाण्यातून. पेटी बिचारी जे ऐकते तेच सांगते."

लामुनूने हेडफोन कानावरून खाली घेतले. "झालं का दोघांचं? भिंतीकडे तोंड करा."

हा त्या खोलीचा नियम होता. ऐकणाऱ्याने सामानाकडे पाठ करून बसायचं, कारण डोळे कानांना खोटं सांगतात. आधी 'एक' वाजणार, मग लामुनू तिसरा नॉब केसभर हलवणार आणि 'दोन' वाजणार. न बोलता पाठीमागे हात नेऊन जे चांगलं वाटलं तितकी बोटं दाखवायची. लामुनू ते वहीत टिपायची. शाळेतल्या प्रयोगवहीसारखीच ती वही होती, तारीख आणि रकाने आखलेली.

गाणं तिच्या मावशीचं होतं. आयाआ मावशीने ते चार वर्षांपूर्वी आपल्या चुलीशेजारी बसून गायलं होतं, मांडीवर अर्ध्या कापलेल्या भोपळ्याचं कवच पालथं घालून आणि त्यावर सायकलच्या तारांच्या जुडीने ठेका धरून. लामुनूने त्याखाली आपले सूर घातले होते, संगणकावर बनवलेले, लांब आणि सावकाश चढणारे. रेडिओवरच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमवाल्याने ते तीनदा मागितलं होतं. तिन्ही वेळा लामुनू म्हणाली होती, एक आठवडा द्या. मावशीच्या आवाजामागे काहीतरी पोकळ घुमत होतं, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं. ते काढल्याशिवाय कसं देणार?

दरम्यान मावशीचा डावा कान गेला होता. उजवा तपासून डॉक्टर म्हणाले होते, हा चालेल वर्षभर, फार तर दीड. त्यालाही आता आठ महिने झाले होते.

लामुनूने 'एक' वाजवलं, नॉब हलवला, 'दोन' वाजवलं. भिंतीकडच्या दोन पाठींमागे बोटं वर झाली. कोमाकेचचं एक, ओपिरोची दोन.

"दुसऱ्यात मध आहे," ओपिरो वळून म्हणाला. "म्हातारीचा आवाज अस्सा घशातून उतरतो."

"मध? अरे, दुसऱ्यात नाक चोंदलंय तिचं! पहिलं कसं उघडं आहे, सकाळच्या अंगणासारखं."

"तू लग्नांतल्या भोंग्यांनी कान जाळून घेतलेस. तुला अंगण आणि गोठा सारखाच."

लामुनू हसली आणि टिपायला वाकली. चार वाजून गेले होते. पत्र्याच्या दाराच्या फटीतून ऊन आडवं येऊन मिक्सरवर पडलं होतं, आणि प्रत्येक उंचवट्याला लांब सावली फुटली होती. सगळ्या पट्ट्यांच्या तळाशी एकेक छोटी चौकोनी कळ होती. कळ दाबलेली असली तरच त्या पट्टीचे सूर बदलणारे नॉब कामाला लागत. सात कळांना सावली नव्हती. आठवीला होती.

तिने पेन खाली ठेवलं.

आठवी पट्टी मावशीच्या आवाजाची, आणि तिची कळ वर होती. तिच्या मुळाशी धुळीचं कडं जमलेलं होतं, न मोडलेलं, तांबूस. ही जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यातली धूळ. त्याच सुमारास तिने ब्रशने मिक्सर साफ केला होता. तेव्हाच ती कळ सुटून वर आली असणार. त्यानंतर तिला कोणी बोट लावलं नव्हतं.

म्हणजे जानेवारीपासून तिसरा नॉब कशालाच जोडलेला नव्हता.

तिने वही मागे उलटली. एकोणीस शनिवार, अडतीस मतं. वीस 'एक'ला, अठरा 'दोन'ला. नाणं फेकलं असतं तरी असंच आलं असतं. आणि शेवटच्या रकान्यात तिचं स्वतःचं मत, प्रत्येक वेळी ठाम: 'सुधारणा, पण अजून पुरेशी नाही.'

"काय झालं?" कोमाकेचने विचारलं. "भूत पाहिल्यासारखा चेहरा केलात."

तिने नुसतं बोट दाखवलं. दोघं वाकले.

"नाही," कोमाकेच म्हणाला. "मला फरक ऐकू आला होता. शप्पथ. सकाळचं अंगण."

"आणि माझा मध कुठून आला?" ओपिरो म्हणाला.

"तुझ्या डोक्यातून. तिथे पोळं आहे हे मी कधीपासून सांगतोय." आणि मग कोमाकेचला हसू आवरेना. तो स्टुलावरून घसरून गादीवर बसला. "आईने ठेवलेल्या माझ्या नावाचा अर्थच 'कमनशिबी', पण हे दुर्दैव नाही, मास्तरीणबाई. ही तिघांची मेहनत आहे!"

लामुनू हसली नाही. मुलींनी तारा न जोडता प्रयोगाचे आकडे लिहून आणले की ती पान परत द्यायची, न रागावता. आता तिचा हात कळेकडे गेला. दाबली की झालं. नॉब खरोखर चालायला लागेल. पुन्हा पहिल्यापासून, नीट. जोडणी आधी तपासायची, नवी वही घालायची, फक्त काही शनिवार.

तेवढ्यात दार वाजलं, आणि वाजवणारी थांबली नाही, आतच आली. डोक्यावरची टोपली उतरवत आयाआ मावशी म्हणाली, "दिवसाढवळ्या दार लावून बसता! दारू गाळताय की काय?" ती आता सगळंच मोठ्याने बोलायची. टोपलीत उकडलेली रताळी होती आणि तीळ-शेंगदाण्यांचा वाटलेला गोळा.

"मावशी, बस," ओपिरो म्हणाला.

"काय?"

"बस म्हणतो!"

"बसते रे, दाढीवाल्या, ओरडतोस कशाला." ती थेट त्याच्या स्पीकरच्या पेटीजवळ जाऊन बसली, उजवा कान लाकडाला लावला आणि तळहात बाजूला टेकवला. "लाव, पोरी. आहे तसं लाव."

लामुनूने कळ तशीच सोडली आणि गाणं लावलं.

मावशीने डोळे मिटले. पहिल्या कडव्याला तिची बोटं पेटीवर ठेका धरू लागली. आवाजामागचं ते पोकळ घुमणं आलं तेव्हा लामुनूने सवयीने श्वास रोखला. मावशीचा चेहरा मात्र खुलला.

"हा बघ! हा माझा भोपळा!" ती म्हणाली. "माझ्या मांडीवरचा. तो घुमायला लागला की मला वर चढायला जोर यायचा. गेल्या वर्षी तडकला बिचारा. मला वाटलं, तो पुन्हा काही ऐकायला मिळत नाही."

चार वर्षं ती जे खरवडून काढत होती ते मावशीने मांडीवर घेऊन गायलं होतं. ते घुमणं ऐकूनच तिचा सूर चढला होता. ते काढलं असतं तर सूर कशावर चढला हे कोणालाच कळलं नसतं.

गाणं संपलं. कोमाकेचने रताळ्याचा तुकडा तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला.

"आता काय?" ओपिरोने हळूच विचारलं. "कळ दाबायची?"

लामुनूने वही मिटली. धुळीचं कडं तसंच होतं.

"मावशी," ती म्हणाली, "गाणं झालं."

"काय?" मावशीने उजवा कान पुढे केला. "मला नाही ऐकू आलं."

लामुनूने आयुष्यात वर्गाबाहेर कधी आवाज चढवला नव्हता. तिने छाती भरून श्वास घेतला आणि अशी ओरडली की बाजारातल्या टोमॅटोवाल्या बायकांनी माना वळवल्या.

"गाणं झालं, मावशी! मी आत्ता उठून रेडिओवर द्यायला चाललेय, आहे तसं, भोपळ्यासकट!"