हाकेला ओ

शिपायाने कोठीच्या कुलपावर लाख ओतली, तेव्हा मावशी पातेलं ढवळत होत्या. बाकी सगळ्या खोल्यांना सील लागलं होतं. राहता राहिलं होतं स्वयंपाकघर.

घरातून पळालेली, घराने टाकलेली पोरं इथे राहायची आणि चार भली माणसं मिळून त्यांचं बघायची. सरकारला आजवर इथे राहिलेल्या प्रत्येक पोराचं नाव हवं होतं. मावशींनी एकही दिलं नाही. नाव उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असा शब्द त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी देत आल्या होत्या.

त्या नावांसाठी सरकारी साहेब हात धुऊन मागे लागले होते. आज तर कॅमेरेवाल्यांना घेऊन स्वतः आले. स्वयंपाकघराचं दार बुटकं, नवख्याचं कपाळ तिथे आपटणारच. शिपायाचं आपटलं. साहेब मात्र बोलता बोलता, न बघता वाकले.

मावशींचा हात पळीवरच थांबला. आता त्यांनी चेहरा नीट पाहिला.

घुम्या! आला तेव्हा कित्येक महिने तोंडातून शब्द नाही. मग एका दुपारी त्यांनी जेवायला हाक मारली आणि कोपऱ्यातून आवाज आला, "ओ." तेव्हा त्या चुलीपुढे बसून रडल्या होत्या. आज त्याच पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

"साहेब, पोरं उपाशी आहेत. तेवढं जेवू द्या."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

बाई. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि मग जायचं कुठे त्यांनी?"

"जिथून आली तिथे पाठवू."

दाराशी बसलेल्या पोरीने मनगटावरचा भाजल्याचा डाग बाहीत लपवला. मावशींनी ते पाहिलं, आणि त्यांच्या मनातली उरलीसुरली माया तिथेच आटली.

साहेब अंगणात जाऊन माइकसमोर उभे राहिले.

"इथून एक तरी मूल मार्गी लागलं का? एक नाव सांगा म्हटलं, तर यांची दातखीळ बसते. आम्ही काय समजायचं?"

नाव मावशींच्या ओठांवर आलं होतं, आडनावासकट. त्यांनी ते गिळलं. शब्द म्हणजे शब्द. पण नाव द्यायचं नाही, एवढाच शब्द होता. हाक मारायची नाही, असं कुणी म्हटलं होतं?

त्यांनी पातेलं उतरवलं, रोजच्यासारखी झाकणावर पळी आपटली आणि रोजच्याच आवाजात खिडकीतून हाक दिली.

"घुम्याऽ!"

"ओऽ, मावशी!"

माइक साहेबांच्या तोंडाशीच होता. शिपाई त्यांच्याकडे बघतच राहिला. कॅमेरेवाले एकदा खिडकीकडे वळले, एकदा साहेबांकडे. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि आता त्यातून काही केल्या शब्द फुटेना.

मावशींनी ताटं मांडायला घेतली. एक जास्तीचं मांडलं.

"हात धुऊन ये," त्या म्हणाल्या.