दोन काड्यांचा रेडिओ

"तोफ न लावता चालेल का हा?" त्याने विचारलं.

दुकानवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. रेडिओवर चालणारी विमानं, होड्या आणि गाड्या विकण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लोकांनी त्यांना काय काय विचारलं नव्हतं! पण रणगाडा घ्यायला येऊन तोफ नको म्हणणारा हा पहिलाच.

"चालेल की. भोक दिसेल फक्त."

"भोक बुजवता येईल."

"अहो, मग रणगाडा कशाला घेताय?" शेजारी उभी असलेली त्याची बायको म्हणाली. "पत्र्याचा डबा घ्या आणि चाकं ठोका. घरी दोन रिकामे पडलेत."

"डब्याला चेन नसते."

इंग्रजीत ज्याला ट्रॅक म्हणतात त्याला तो चेन म्हणत होता. दोन्ही बाजूंना गोल फिरणारा कड्यांचा पट्टा. त्यावर रणगाडा चालतो आणि त्यावरच डोझर चालतो. दुकानात डोझरचं मॉडेल नव्हतं. असतं तर त्याने रणगाड्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. एकतीस वर्षं तो डोझरवर होता. साइटवर सगळे त्याला लेव्हल म्हणत, कारण जमीन सपाट झाली की नाही हे त्याला बुडाखालच्या सीटवरून कळायचं. मोजणीवाले नंतर दुर्बीण लावून तेच सांगायचे, फक्त जरा जास्त वेळ घेऊन.

तीन पेट्या

पहिली, सगळ्यात छोटी. वीतभर लांबीचा तयार रणगाडा.

"पेटीतून काढा, बॅटरी घाला, चालवा," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाच देते."

त्याने तो उजव्या हाताने उचलला, उलटा करून काउंटरवर ठेवला आणि अंगठ्याने चेन ताणून पाहिली. रबर होतं.

"ही चेन नाही ताई, ही पायजम्याची नाडी आहे."

बाई खळखळून हसल्या. बायको हसली नाही. हे विनोद तिने ऐकलेले होते.

दुसरी पेटी जोडायच्या रणगाड्याची, पण सगळं प्लास्टिक आणि मोटर एकच.

"एका मोटरवर दोन चेन? वळणार कसा?"

"वळताना त्या बाजूची चेन आपोआप सुटते."

"आपोआप नको."

तिसरी पेटी बाईंनी दोन्ही हातांनी खालच्या फळीवरून ओढून काढली. ती काउंटरवर टेकली तेव्हा काचेखालचे विमानांचे सुटे पंखे थरथरले. धातूच्या चेन, दोन मोटर, प्रत्येक मोटरला वेगळा गिअरबॉक्स. त्याने झाकण उघडलं. पानातला पहिला घास घेण्याआधी माणूस थांबतो, तसा थांबला.

"ही पहिल्याच वेळी घेऊ नका," बाई म्हणाल्या. "मी तोट्यात जाईन, पण खरं सांगते. चेनची कडी न् कडी सुटी येते. एकशे बासष्ट कड्या. दोन कड्या धरायच्या आणि मधून पिन घालायची. लोक चाळीस-पन्नास करतात आणि पेटी माळ्यावर जाते."

"रेडिओ कसा? हातात धरायचा रिमोट?"

"एका काडीचा बसतो. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, सगळं उजव्या अंगठ्याने."

"दोन काड्यांचा आहे का? डाव्या हाताला डावी चेन, उजव्या हाताला उजवी."

"आहे. पण कशाला उगाच..."

"तो दाखवा."

बायको छताला टांगलेल्या विमानाकडे बघायला लागली. बोलायचं असूनही बोलायचं नसलं की ती असंच कुठेतरी वर बघायची.

डावा हात

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी बूट घालताना डाव्या हाताने लेस धरली नाही. तिसऱ्यांदाही धरली नाही, तेव्हा त्याने बायकोला हाक मारली आणि हाकही वाकडी आली.

पक्षाघाताचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. पाय आठवड्यात आला. जीभ पंधरा दिवसांत आली. हात आला, म्हणजे बराचसा आला. बोटं मिटायची, पण मिटलेली राहायची नाहीत. मनात पाच मोजेपर्यंत पकड टिकायची आणि मग सुटायची. सुटली हे त्याला नजरेने पाहिल्याशिवाय कळायचंही नाही.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पिशवीचे बंद तो मनगटात अडकवायचा. कुणी हातात काही द्यायला आलं की उजवा पुढे करायचा. बायकोला यातलं काही ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती. बायको एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं. एके दिवशी त्याच्या सगळ्या शर्टांच्या उजव्या बाह्यांना टिचबटणं आली.  

आता परवा, सोमवारी, कंपनीच्या डॉक्टरकडे जायचं होतं. फिट असा शेरा पडला की मंगळवारपासून मशीन. नाहीतर गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, निवृत्त होईपर्यंत. डॉक्टरची तपासणी साइटवर सगळ्यांना पाठ होती. तो दोन बोटं पुढे करतो आणि दाबा म्हणतो. फार तर तीन मोजेपर्यंत.

त्याच्याकडे पाच होते.

फोनवर, काल

"येतोयस ना मंगळवारी?" साइटवर मशीनपुढे निशाणाची काठी धरून उभा राहणाऱ्याने विचारलं.

"बघू. डॉक्टर काय म्हणतो."

"डॉक्टरला काय कळतंय! ये बाबा लवकर. त्या नव्या पोरांच्या मशीनपुढे निशाण धरायचं म्हणजे जिवावर येतं. सारखं मागे वळून बघावं लागतं."

"आणि माझ्यापुढे?"

"तुझ्यापुढे कशाला बघू? एकोणीस वर्षांत कधी पाहिलंय? पात्याच्या डाव्या कोपऱ्याला उभा राहायचं, काठी रोवायची आणि बिडी ओढायची. वेळ आली की तू लिव्हर ओढणारच."

चाचणी

दुकानाच्या मागच्या खोलीत बाईंनी जोडलेला एक रणगाडा ठेवला होता, त्या तिसऱ्या पेटीतलाच. खोलीत सामान नव्हतं. फरशीवर खडूने रस्ते आखले होते. बाईंनी रेडिओचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला.

"दोन्ही काड्या पुढे ढकला."

त्याने ढकलल्या. रणगाडा गुरगुरला, हातभर सरळ गेला, मग डावीकडे कलला आणि जागच्या जागी गोल फिरू लागला.

"डावी काडी सुटली तुमची," बाई म्हणाल्या.

"सुटली नाही." तो लगेच बोलला. बोलणं तयार असल्यासारखं आलं. "सवय आड येतेय, ताई. आमच्या जुन्या मशीनचं उलटं असतं. डोझर गिअरमध्ये टाकला की हात न लावता चालतो. दोन्ही चेन चालूच. डावी लिव्हर ओढली की डावी चेन थांबते आणि मशीन डावीकडे वळतं. म्हणजे हात चालवायला नाही, थांबवायला. इथे ढकललं तर चालणार! एकतीस वर्षांचा हात आहे, तो कसा ऐकेल?"

डोझरबद्दलचा शब्द न् शब्द खरा होता. बायकोने छताकडून नजर खाली आणली आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आशेसारखं काहीतरी आलं. ते पाहून त्यालाही वाटलं, कोण जाणे, असेलही तसंच.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. त्यांनी रेडिओ हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि छोट्या पडद्यावर बोटं मारू लागल्या. "हा हुशार रेडिओ आहे. सांगू तसं ऐकतो. काडी मोकळी असेल तर चेन चालू. काडी ओढून धराल तोवर त्या बाजूची चेन बंद. हा घ्या तुमचा डोझर."

"ताई, तुम्ही आमच्या वर्कशॉपला पाहिजे होतात."

"तुमच्या वर्कशॉपला परवडले नसते मी."

रणगाडा निघाला. हात न लावता, मुंगीच्या गतीने, सरळ. त्याच्या अंगातून काहीतरी सरकत गेलं. खांदे खाली आले, पाय आपोआप फाकले. त्याने उजवी काडी ओढली, उजवी चेन थांबली आणि रणगाडा खडूच्या रेषेवरून असा वळला की बाईंच्या तोंडून "अरे वा!" निघालं. त्याने काडी सोडली. पुन्हा सरळ. पुन्हा उजवीकडे. रेषेला केसाचाही फरक नाही.

"आता डावीकडे घ्या," बायको म्हणाली.

"घेतो की."

"थांबा, मी उभी राहते. तुम्हाला समोर माणूस लागतो ना?" ती खडूच्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "हं. मला टाळून न्या."

रणगाडा तिच्याकडे निघाला. चार फुटांवर आल्यावर त्याने डाव्या हाताने काडी ओढली. डावी चेन थांबली आणि रणगाड्याचं नाक डावीकडे वळू लागलं, सावकाश, जड मशीन वळतं तसं. त्याची नजर पुढे होती. ऑपरेटर हाताकडे कधी बघत नाही. नाक अजून वळायला हवं होतं. तो ओढून धरत होता.

रणगाडा वळायचा थांबून सरळ निघाला.

तो ओढून धरतच होता. अजून ओढतोय, असंच त्याला वाटत होतं. डावी चेन खडखडत फिरत होती आणि हे का होतंय ते त्याला कळत नव्हतं. रणगाडा बायकोच्या पायापाशी पोचला, चपलेच्या टोकाला भिडला, चेनचे दात अंगठ्यावर चढले. सगळा मिळून चार किलोंचा लोखंडी ऐवज तिच्या पावलावर चढत होता आणि ती कमरेवर हात ठेवून तशीच उभी होती.

बाईंनी धावत येऊन रणगाड्याखालचं बटण बंद केलं.

त्याने हाताकडे पाहिलं. बोटं उघडी होती. काडीपासून चांगली इंचभर लांब, पोरकी.

"हलली का नाहीस?" तो ओरडलाच. "दिसत नव्हतं? वेडी आहेस का?"

"तुम्ही ओढताय असं वाटलं," ती म्हणाली.

नंतर

बाई पाणी आणते म्हणून पुढच्या खोलीत गेल्या आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिकडेच राहिल्या.

बायको स्टुलावर बसली होती. अंगठ्यावर चेनच्या दातांची रांग उमटली होती, शिवणीचे टाके उसवल्यावर कापडावर राहते तशी. तो खाली बसला आणि उजव्या हाताने तिचं पाऊल चोळू लागला.

"राहू द्या. एवढं काही नाही."

तो चोळत राहिला. मग म्हणाला, "तो बिडी ओढत असतो."

"कोण?"

"निशाणवाला. मशीनकडे पाठ करून."

 तिने त्याचा डावा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला, जसं मोजमाप घेतलेलं कापड बाजूला ठेवतात तसा, नीट, घडी न पाडता.

बाई पाणी घेऊन आल्या. तो उठला.

"रेडिओ एका काडीचा द्या, ताई."

"बरं." बाईंनी मान हलवली. "आणि पेटी पहिली ना? तयारवाली?"

"नाही. पेटी ही. कड्यांची."

"अहो, एकशे बासष्ट!" बायको म्हणाली.

तो बाईंकडे वळला.  "ताई, एक कडी धरायला किती वेळ लागतो? म्हणजे, पिन बसेपर्यंत? माझा डावा हात पाच मोजेपर्यंतच धरतो. पुढे सुटतो."

सात महिन्यांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं, आणि तेही खेळण्यांच्या दुकानात.

बाईंनी विचार केला. त्यांनी पुढच्या काउंटरवरच्या पेटीतून दोन कड्या आणल्या, चिमटीत धरल्या, ओठ हलवत पिन घातली.

"दोन," त्या म्हणाल्या. "सावकाश केलं तर तीन."

"मग होईल."

"पिना माझ्याकडे राहतील," बायको म्हणाली. "एकेक मागून घ्यायची. तुम्हाला सगळ्या दिल्या तर झाडू मारताना माझ्याच पायात जायच्या."

"आज तुझ्या पायांचे ग्रह बरे नाहीत."

आता मात्र ती हसली. पेटी जड होती. एका बाजूने त्याने उजवा हात घातला, दुसऱ्या बाजूने तिने डावा, आणि दोघं दारातून आडवे बाहेर पडले.

सोमवार

कंपनीचा डॉक्टर मान खाली घालून लिहीत होता. लिहिता लिहिता त्याने दोन बोटं पुढे केली. उजवा. मग डावा.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि शिक्का शोधायला खण उघडला.

"डॉक्टर, डावा परत बघा."

"बघितला की. चांगला आहे."

"परत बघा. पण लगेच काढू नका. दहापर्यंत मोजा."

डॉक्टरने मान वर केली. समोरचा माणूस ताठ बसला होता आणि त्याने आपला डावा हात टेबलावर ठेवला होता. एखादं कागदपत्र पुढे करावं तसा. डॉक्टरने खण बंद केला आणि दोन बोटं पुन्हा पुढे केली. बोटं मिटली. पकड चांगली होती. डॉक्टर मनात मोजत होता, त्याचे ओठ हलत होते. भिंतीवरचा पंखा दोघांवरून एकदा फिरून गेला.

सहावर हात उघडला. डॉक्टरने बोटं काढून घेतली नाहीत. दहा होईपर्यंत ती त्या उघड्या तळहातावर तशीच टेकून राहिली.