घडीचा चाकू

जंगलातल्या मुक्कामासाठी मामांनी स्वस्तातला, वीतभर पात्याचा घडीचा चाकू आणला. अंगणात वाळकी फांदी तासून बघायला गेले, तर पातं खटकन मिटलं. बोट थोडक्यात वाचलं. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बडा घर पोकळ वासा!" म्हणत ते तडक दुकानात धडकले.

"हा चाकू कापता कापता मिटतो!"

"काका, घडीचा चाकू आहे, मिटणारच की!" दुकानदार हसला. हसता हसता त्याने तसल्याच चाकूंचं नवं खोकं पुढ्यात ओढलं आणि स्वतःच्या खिशातला जुना, बोटभर चाकू काढून खोक्याची दोरी कापायला घेतला.

मामांनी आपला चाकू त्याच्यापुढे आपटला. "तो ठेवा खिशात. याने कापा!"

या खेपेला दुकानदाराचं हसू खटकन मिटलं.