झुंबराखालचं हळदीकुंकू

पौषातली ती सांज. कृष्णेच्या काठी ऊस तोडणीला आलेला, गुऱ्हाळांचा गोड धूर गावभर रेंगाळलेला, आणि उतरतं, कोवळं, केशरी ऊन सांगलीच्या गच्च्यांवरून पाय न वाजवता परत निघालेलं. वाऱ्याला धार होती. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि हेमलताबाईंकडे हळदीकुंकू होतं.

आणि काय तो दिवाणखाना! दारात पाऊल ठेवावं नि आल्यागेल्या बाईनं 'अगंबाई!' म्हणून पदर तोंडाशी न्यावा. छताला बिलोरी झुंबर, शुभ्रशीतल, शतलोलक. खिडक्यांना डाळिंबी मखमल, जरीची किनार ल्यालेली. भिंतीवर सोनवेलींच्या चौकटीतला आरसा. निळ्या काचेच्या हंड्या, रेशमी तक्के, चांदीची गुलाबदाणी. सारं जुनं, सारं जुन्या थाटाचं, आणि जवळजवळ सारं एकट्या बाईनं जमवलेलं.

जमवलं म्हणजे कसं, ते त्या बोटांना विचारा. जुन्या बाजारात, गंजक्या पत्र्यांच्या ढिगातून तिनं हंड्या उचलल्या. चिंचेच्या कोळानं पितळ घासलं, घासलं, उजळेतो घासलं. झुंबराचा लोलक न् लोलक रिठ्याच्या पाण्यात न्हाऊ घातला, लेकराला घालावं तसा. पडद्यांची मखमल तिनं स्वतः शिवली, आणि सुईनं बोटांची चाळण केली.

हे वेड लहानपणचं. आई एका पेढीवाल्याकडे स्वयंपाकाला जायची, तेव्हा परकरातली हेमा माजघराच्या उंबऱ्यावर बसून समोरचा दिवाणखाना बघायची. लखलखता, लालसर, अत्तरगंधित. आत जायची मुभा नव्हती. तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपलाही असा असेल, आणि त्यात आपण मधोमध बसू.

लग्न झालं अच्युतरावांशी. माणूस हिशेबी, भिंती पांढऱ्या, खुर्च्या चार. तिनं कधी काचेची हंडी आणायचं नाव काढलं की पालुपद ठरलेलं, "कशाला हा पसारा?" उभा जन्म तिनं ते ऐकलं आणि गिळलं.

आणि मग मागच्या थंडीत एके दिवशी, भाताचं ताट पुढ्यात असताना, हेच अच्युतराव म्हणाले, "हेमा, दिवाणखाना सजव. तुझ्या मनासारखा. जुन्या थाटाचा. मी आहे ना!"

भाबडी बाई! त्या तीन शब्दांवरून तिनं अख्खं वर्ष ओवाळून टाकलं. ते शिडी धरायचे, ती खिळा ठोकायची. ते मिरजेहून झुंबर घेऊन आले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. उशिरा का होईना, या माणसाला आपण दिसलो, असं तिला वाटलं. त्या वर्षात ती नव्या नवरीसारखी घरभर गुणगुणत होती.

तर त्या सांजेला चंद्रकळा नेसून ती झुंबराखाली उभी होती. काळ्याभोर पदरावर प्रकाशाचे ठिपके सांडलेले. बायका येत होत्या, कुंकू लावून घेत होत्या, बोरं-हरभऱ्यांनी ओट्या भरून घेत होत्या.

"हेमलताबाई, दृष्ट काढा हो या घराची!" शेजारच्या कमलवहिनी म्हणाल्या.

"तुमचीच लागायची आधी!" ती हसली. आयुष्यात इतकं मनमोकळं ती कधी हसली नसेल.

तेवढ्यात एक अनोळखी तरुणी आत आली. तिचा नवरा बाहेर व्हरांड्यात अच्युतरावांशी बोलत थांबला होता. आता, दारी आलेल्या सवाष्णीला कोण, कुठली, असं कुणी विचारतं का? हेमलताबाईंनी तिला गालिच्यावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. नाव विचारलं, तर म्हणाली, शर्वरी.

पोरीची नजर मात्र वर, झुंबरावर. "काकू," ती लाडानं म्हणाली, "जाताना हे तेवढं काढू नका हं."

"जाताना? कुठे गं जाताना?"

"पुण्याला, तुमच्या मुलाकडे. काकांनी शब्द दिलाय आम्हांला, घर सगळ्या सजावटीसकट विकत मिळेल म्हणून. खरं सांगू? गेल्या वर्षी तुम्ही नसताना घर बघितलं तेव्हा आमच्या ह्यांना आवडलंच नव्हतं. मग काका म्हणाले, वर्षभर थांबा, घराला जुना थाट चढवतो, मग या." ती आजूबाजूला बघून खुलली. "किती सुंदर केलंय!"

हेमलताबाईंनी कुंकवाची कोयरी खाली ठेवली. केसानं गळा कापला! ती शिडी धरणं, ते झुंबर, ते 'मी आहे ना', सगळं गिऱ्हाइकासाठी. तिला तिच्याच हातांनी तिच्याच घराबाहेर काढलं होतं, आणि ती गुणगुणत होती. याहून परवडला असता तो जुना नकार. तो निदान खरा होता.

दारात अच्युतराव आले. तिचा चेहरा त्यांनी पाहिला आणि ओळखलं. "अगं, सांगणारच होतो," ते पुटपुटले. बायकांचं हळदीकुंकू, उंबरा ओलांडता येईना.

वाणासाठी आणलेल्या स्टीलच्या वाट्यांची टोपली तिनं पायानं बाजूला सारली, आणि भिंतीवरचा सोनवेलींचा आरसा दोन्ही हातांनी उतरवला. "घ्या, कमलवहिनी. वाण."

"अहो, हे काय भलतंच! वाण म्हणजे वाटी, फणी, डबी..."

"यंदा आरसा लुटतेय. सवाष्णीनं दिलेलं वाण नाकारू नये."

कमलवहिनींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. बायकांना सगळं सांगावं लागत नाही. त्यांनी मुकाट्यानं पदर पुढे केला.

मग सुटलाच तिचा हात! निळी हंडी एकीला, जांभळी दुसरीला. रेशमी तक्के, चंदनी चौरंग, अत्तरदाणी. डाळिंबी मखमल सर्रकन उतरली आणि जोडीनं आलेल्या दोघी जावांच्या खांद्यांवर गेली. कुंकवाचं बोट, तिळगुळाची वडी, वाण. कुंकू, तिळगूळ, वाण. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

"हेमा! शब्द दिलाय मी त्यांना!" अच्युतराव उंबऱ्याबाहेरून ओरडले.

"घराचा दिलात, तो पाळा. सवाष्णींच्या वाणात पुरुषानं बोलू नये."

शर्वरी बावरून उभी होती. हेमलताबाईंनी चांदीची गुलाबदाणी तिच्या ओंजळीत ठेवली. "तुझा काय दोष, पोरी? सुखानं नांद. पण दिवाणखाना तुझा तू मांड. हा माझा होता."

एकेक करून बायका गेल्या, भरल्या पदरांनी, खाली मानेनं. त्यांच्यामागून शर्वरीही गेली. उरल्या पांढऱ्या भिंती, उघडी फरशी, आणि हात न पोचलेलं तेवढं झुंबर.

तेव्हा कुठे अच्युतराव आत आले. तिनं ताटातली शेवटची वडी उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तिळगूळ घ्या," ती म्हणाली. "गोड बोला म्हणून तुम्हांला काय सांगायचं? वर्षभर तेच तर केलंत."

वडी हातातच राहिली. आणि वर ते झुंबर, शुभ्रशीतल, शतलोलक, ओक्याबोक्या भिंतींवर उजेड सांडत, सांडत, सांडत राहिलं.