उरलेला अर्धा केक

मार्केताने बाबांच्या ओट्यावर केकचा डबा ठेवला आणि झाकण न उघडताच कॉफीचं पाणी चढवलं.

"अर्धाच?" ओइवा खुर्चीतूनच डोकावले. "उरलंसुरलं बापाला होय?"

"प्रयोगशाळेतला आहे. प्रयोग फत्ते झाला की ज्याचा त्याने सगळ्यांसाठी केक न्यायचा, आमची रीतच आहे ती."

"म्हणजे तुझा झाला. मग तोंड का पाडून बसलीस?"

झाला होता खरा. पुरुषी हार्मोन काढून टाकलेल्या द्रवात तिने कर्करोगाच्या पेशी ठेवल्या होत्या. कित्येक महिने त्या मरत राहिल्या, मूठभर कशाबशा तगल्या, आणि आता अचानक भराभर वाढू लागल्या. सगळे पाठ थोपटत होते, हिने मात्र नवी बाटली फोडून प्रयोग पुन्हा लावला. आपण साध्या द्रवाची बाटली उचलली असेल, हार्मोन आत राहिलं असेल. ही नवशिक्यांची चूक, पण आयुष्यात पहिल्यांदा तिला ती आपल्या हातून झालेली हवी होती.

कारण त्याच आठवड्यात बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आला होता. ओइवांना संगणकाचा तिटकारा, त्यामुळे रिपोर्ट बघायचं काम लेकीचं. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा आकडा पुन्हा चढला होता. हार्मोन बंद करणारं इंजेक्शन बाबांनी चुकवलं की काय, म्हणून तिने नर्सला फोन केला. एकही चुकलं नव्हतं. रक्तात हार्मोन जवळजवळ नव्हतंच.

आणि नव्या बाटलीतल्या पेशीही वाढल्या.

"शोधलंस काय ते तरी सांग. माझ्यासारख्या बोटीवरच्या माणसाला कळेल असं."

"पेशीत एक कुलूप असतं, बाबा. हार्मोन ही त्याची किल्ली. किल्ली फिरली की पेशी वाढते. म्हणून आपण किल्ल्याच काढून घेतो."

"माझ्या इंजेक्शनने."

"हो. तर या पेशींनी कुलूपच बदललं. किल्ली जिथे बसते तो भागच गाळून टाकला. आता ते कायम उघडंच."

"चिवट आहेत बेट्या." ओइवा कॉफी ढवळत राहिले. साखर तर ते कधीच घालत नसत. खिडकीबाहेर तळं पांढरंफटक गोठलेलं होतं.

"आणि माझ्या?" त्यांनी विचारलं.

ट्राममध्ये तिने चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती. दुसरी औषधं आहेत, डॉक्टर पुढच्या आठवड्यात बोलतील. त्यातलं एकही आठवेना. तिने डबा उघडला आणि सुरी शोधू लागली. सुरी समोरच होती.

ओइवांनी आपली बशी पुढे सरकवली.

"मग हा केक आपल्या दोघांचा झाला की. माझ्या पेशीही पास झाल्या. मोठा काप."

तिने कापला. ती तुकडा ठेवेपर्यंत त्यांनी बशी दोन्ही हातांनी धरून ठेवली.